कापूस ठासून भरू नका

लाकडी होडीच्या डागडुजीबद्दल एकाने सल्ला दिलाय की 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आत फळ्यांमधल्या फटींमध्ये कापूस जितका ठासून बसेल तितका बसवा आणि राळ-डांबर लावा. राळ आणि डांबराचं पटलं, पण ठासून भरायचं अजिबात नाही. मे महिन्याच्या उन्हात वर ओढून ठेवलेल्या लाकडी होडीच्या फळ्या आकसतात, फटी आहेत त्याहून मोठ्या दिसतात, आणि त्यात आपण कापूस ठोकून भरला की पाण्यात फळ्या फुगल्यावर त्यांना जायला जागाच नसते, मग सगळा ताण खिळ्यांवर येतो. आमच्या होडीची तळाची फळी अशीच सुटली, ती बदलण्यात नारळी पौर्णिमा हातची गेली, फार वाईट वाटलं होतं.

आता आम्ही आधी तीन-चार दिवस ओली गोणपाटं टाकून ठेवतो, पण खाऱ्या पाण्याची हां, गोडं पाणी साचून राहिलं तर लाकूड कुजतं. मग वरचा ओलावा सुकला की उरलेल्या फटीच भरायच्या, त्याही बेताने. पहिल्या दिवशी थोडं पाणी आत येतंच, ते उपसत राहायचं. फायबरची होडी असेल तर मात्र उलटं, ओल्या जागेवर रेझिन (फायबर चिकटवायचं रसायन) धरतच नाही, ते काम पावसाआधीच उरका.