ब्रिजमधील थ्री नो-ट्रम्प (हुकमाविना नऊ हात करण्याची बोली): एक फेरी सोडावी की जादा हात घ्यावा?

प्रश्न: टीम सामन्यात, व्हल्नरेबल (बोनस व दंड दोन्ही वाढलेले) असताना, माझ्याकडे किलवरबाहेरचे पाच हात पक्के होते, डमीत (जोडीदाराच्या उघड मांडलेल्या पानांत) किलवरचे एक्का-राजा-राणी व दोन लहान पाने, माझ्याकडे तीन लहान, आणि डमीत जाण्यास दुसरी वाट नव्हती. मी किलवरची पहिली फेरी सोडून (मुद्दाम हरून) नऊ हात केले, परंतु प्रतिस्पर्ध्यांची पाच किलवर 3-2 वाटलेली निघाल्याने दहावा हात गेला म्हणून जोडीदार अजून रुसलेले आहेत. माझे चुकले का?

उत्तर १: मुळीच नाही. 3-2 वाटणी सुमारे 68 टक्के वेळा असते, पण तेव्हा 630 ऐवजी 600 मिळून एकच इम्प (टीम सामन्यात गुणफरकाचे रूपांतर होते ते एकक) जातो. सुमारे 28 टक्के वेळा येणाऱ्या 4-1 वाटणीत मात्र न सोडणारा, चौथी फेरी हरल्यावर डमीत परतता न आल्याने, एका हाताने बुडतो आणि 700 गुणांच्या फरकाने 12 इम्प गमावतो.

उत्तर २: मॅचपॉइंट पद्धतीच्या स्पर्धेत मी सोडणार नाही, कारण तिथे फरक किती यापेक्षा किती टेबलांना मागे टाकले हेच मोजले जाते. डबल (प्रतिस्पर्ध्यांची बुडल्यास दंड वाढवणारी बोली) झाले असेल, किंवा इतर जोड्या गेमपर्यंत (मोठा बोनस देणाऱ्या बोलीपर्यंत) पोहोचणारच नाहीत असे वाटले, तर गोष्ट वेगळी.

उत्तर ३: एक बारकावा राहिला. आधी एक्का वाजवून दुसरी फेरी सोडली तरी चालते, शिवाय 5-0 वाटणी लगेच उघड होते. राजाही वाजवून बसलात, तर तिसरी फेरी सोडल्यावर डमीत परतायला आपल्याकडे किलवरच उरत नाही. अर्थात, सोडलेल्या हातावर आत आलेले प्रतिस्पर्धी आणखी चार हात लगेच काढू शकत नाहीत, हे आधी तपासलेले असावे.