ड्रमर गेला. आता बँड चालू ठेवायचा का?

उद्यमनगरचा बेस:

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही पाचजण. १९९२ ला कॉलेजात असताना रॉक बँड काढला. कोल्हापुरात तेव्हा 'आमचा बँड आहे' म्हणलं की लोक विचारायचे, "वरातीचं किती घेता?" आता सगळे पन्नाशी ओलांडलेले. एकाचं मेडिकलचं दुकान, एक प्राध्यापक, एक शेती बघतो, माझं लेथचं वर्कशॉप. ड्रमर सहकारी बँकेत कॅशियर. पैसे असे कधी मिळाले नाहीत, जे मिळाले ते तारांत आणि मिसळीत गेले. दर गुरुवारी रात्री आठला मशीनं बंद झाली की वर्कशॉपमध्येच प्रॅक्टिस, कटिंग ऑइलच्या वासात. लग्नं, बाळंतपणं, पूर, कोरोना, सगळ्यात खंड पडला, पण सुटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर ड्रमर गेला. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेलं.

आता कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि बोलावणं आलंय. मेडिकलवाला म्हणतो वाजवायचं. प्राध्यापक म्हणतो नाव बंद, विषय बंद. गायक म्हणतो तुम्ही ठरवा, मी येतो. आणि मी रात्र रात्र मोठ्या लोकांचे दाखले काढत बसलोय.

अडचण अशी की दाखले दोन्ही बाजूंनी मिळतात. १९८० सालच घ्या. फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला आणि जुलैत नवा गायक घेऊन त्यांचा 'बॅक इन ब्लॅक' अल्बम बाजारात आलासुद्धा. त्याच सप्टेंबरात लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला, आणि डिसेंबरात राहिलेल्या तिघांनी पत्रक काढून सांगितलं, आता आमच्यानं व्हायचं नाही. दोघंही दारूच्या रात्रीनंतरच गेले. वर्ष एकच, निकाल दोन. आणि 'द हू' बँडचं तर काय बोलायचं! २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेचा दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बेसवाला जॉन एन्टविसल लास वेगासमध्ये गेला, आणि १ जुलैला दुसरा बेसवाला घेऊन हे स्टेजवर. मी स्वतः बेस वाजवतो, त्यामुळं हे जरा लागलं. चार दिवस! आपल्यात दहावा तरी होऊ देतात.

पण खरी गोष्ट हे दाखले नव्हेत. खरी गोष्ट अशी की आम्ही गेल्या महिन्यात एका पोराला घेऊन बसून बघितलं. चोवीस वर्षांचा, इंजिनिअर, कानात मेट्रोनोमची टिकटिक लावून वाजवतो. पोरगं हुशार, लय अशी की मायक्रोमीटर लावून बघा. आणि तिथंच आमची वाट लागली. आमचा गडी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला किंचित मागं असायचा. किंचित म्हणजे किती, ते सांगता यायचं नाही. मी त्याला तीस वर्षं त्यावरून शिव्या घातल्या. आता पोरगं वेळेवर येतंय आणि माझी बोटं थांबून राहतात. उशीर माझा होतोय!

आमचं स्वतःचं एक गाणं आहे, त्यात मध्ये सगळं थांबतं. पूर्ण शांतता. मग पुन्हा सगळ्यांनी एकदम पडायचं. कुणी मोजत नव्हतं. ड्रमरचा डावा खांदा वर जायचा आणि आम्ही पडायचो. पोराबरोबर ते गाणं घेतलं, शांतता आली, आणि आम्ही चौघंही त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत बसलो. खांदा हललाच नाही. पोरगं एकटंच सुरू झालं.

तर सांगा. वाजवायचं का? वाजवलं तर जुन्याच नावानं का?

*

डबल बास पेडल:

काका, आधी एक: ते चुकणं नव्हतं हो. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स स्नेअरवर, म्हणजे मधल्या खणखणीत ड्रमवर, मारताना उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे बाजूच्या झांजांच्या जोडीवरून, उचलायचा. बाकीचे ड्रमर दोन्ही एकदम मारतात. आता हे शिकवणीला जाऊन केलं असतं तर मास्तरांनी हात धरून खाली आणला असता. पण रोलिंग स्टोन्सचं डुलणं पुष्कळसं त्या उचललेल्या हातात आहे असं माझं ठाम मत आहे.

तो ऑगस्ट २०२१ मध्ये गेला आणि सप्टेंबरात दौरा सुरू झाला. वरवर बघितलं तर निर्दयीपणा. पण चार्ली आजारी होता तेव्हा बदली म्हणून स्टीव्ह जॉर्डन चालेल हे त्याचं त्यानंच सांगितलेलं. जाणाऱ्यानं किल्ली हातात दिलेली, त्यामुळं गोष्ट वेगळी होते.

रश बँडचं बघा. त्यांचा ड्रमर नील पिअर्ट जानेवारी २०२० ला गेला. राहिलेल्या दोघांनी पाच वर्षं दौरा काढला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं की जर्मनीची अनिका निलेस ड्रम्सवर बसणार, आणि पिअर्टच्या बायको-मुलीनं त्याला मनापासून साथ दिली. पोस्ट नीट वाचली तुमची. मेडिकलवाला, प्राध्यापक, गायक, सगळ्यांचं मत आहे त्यात. ड्रमरच्या घरचं नाही. विचारलंत का?

*

रेकॉर्डवाला पाचगणी:

नावाबद्दल तेवढं बोलतो. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, शाळेतल्या पोरांचा 'द हेक्टिक्स' म्हणून बँड होता, त्यात पियानोवर. त्यामुळं क्वीनबद्दल बोलायचा आम्हाला अधिकार आहे, हसू नका. १९९१ ला तो गेला. बेसवाला जॉन डीकन १९९७ नंतर बाजूलाच झाला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर अजून वाजवतात, पण पाटीवर काय लिहितात? 'क्वीन + अ‍ॅडम लँबर्ट'. ते अधिकचं चिन्ह बघा. पाहुणा आहे, जागेवर बसलेला नाही, हे त्या चिन्हात आलं. ग्रेटफुल डेड बँडवाल्यांनी १९९५ मध्ये त्यांचा गिटारवाला जेरी गार्सिया गेल्यावर नावच बाजूला ठेवलं आणि पुढं वेगवेगळ्या नावांनी वाजवत राहिले. गाणी तीच.

आपल्याकडचं उदाहरण इंडियन ओशन बँडचं. २०१० च्या तोंडावर, म्हणजे २५ डिसेंबर २००९ ला, असीम चक्रवर्ती गेले. ते मांडी घालून तबला वाजवत वाजवतच गायचे. त्यांची जागा भरायला माणसं दोन लागली: तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गळ्याला हिमांशू जोशी. नाव तेच राहिलं आणि कुणाची तक्रार ऐकली नाही. माझी तर नाहीच.

*

सेकंडहँड साउंड:

ड्रमकिट कुठल्या कंपनीचं आहे? विकणार असाल तर मेसेज करा. रोख देतो.

*

डबल बास पेडल:

अरे लाज वाटू दे लेका.

*

पॅलेस थिएटर:

नमस्कार. आपण सर्वांनी घेतलेली इंग्रजी नावं मला परिचयाची नाहीत, माझं वय ७४ आहे. पण हा प्रश्न आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलेला आहे, म्हणून लिहितो.

केशवराव भोसले. कोल्हापूरचे. १९०८ साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळी काढली तेव्हा वयाची अठरा वर्षंही पुरी नव्हती. १९२१ च्या जुलैत मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला, केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, आणि ऑक्टोबरात केशवराव गेले. वय ३१. ललितकलादर्श म्हणजे केशवरावांचा गळा, लोक तिकीट त्या गळ्याचं काढत. रीतीप्रमाणं पडदे आणि पेटारे विकून कंपनी मोडायला हवी होती. बापूराव पेंढारकरांनी ती मोडू दिली नाही. मामा वरेरकरांची नवी नाटकं त्यांनी उभी केली. पुढं त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनीही तेच नाव चालवलं. माझ्या पिढीनं ललितकलादर्श पाहिली ती भालचंद्रांची. केशवरावांना ऐकलेला माणूस तेव्हा शोधावा लागे. पण पडदा वर जाताना नाव तेच होतं आणि आम्हाला त्यात काही खोटं वाटत नसे.

आता आपल्या नाट्यगृहाचं. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, नंतर त्याला केशवरावांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं. दुसऱ्या दिवशी, ९ ला, केशवरावांची जयंती होती. मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. शेजारी एक रंगभूषाकार उभे होते, ते काही बोलत नव्हते, नुसते हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. त्यानंतर गावात पुष्कळ वाद झाले, कुणाची चूक, किती खर्च, कसं बांधायचं. पण नवीन लाकूड येणार म्हणून नाव बदला, असं म्हणणारा मला तरी एकही भेटला नाही.

आपण वाजवावं. मी येईन ऐकायला, आवाज थोडा बेताचा ठेवा.

*

वरातवाली:

बराच वेळ वाचतोय, आता बोलतो. (बाई आहे मी. आमच्या कोल्हापुरात बायका 'येतो, जातो'च म्हणतात, पुण्यामुंबईच्या लोकांनी दचकू नये.)

माझ्या सासरी बँड आहे. तो वरातीचाच, जो तुम्हाला विचारत होते तो. सासरे क्लॅरिनेट वाजवायचे. ऐन लगीनसराईत गेले, एप्रिलमध्ये. पुढच्या सोळा सुपाऱ्या ठरलेल्या, इसार घेतलेला, त्यातला निम्मा दवाखान्यात गेलेला. अकराव्या दिवशी नवऱ्यानं तोच क्लॅरिनेट उचलला आणि गडहिंग्लजकडं एका लग्नात वाजवून आला. चालू ठेवायचं का नाही, असं आमच्यात कुणी कुणाला विचारलं नाही. वीस माणसांची चूल त्यावर. ड्रेसच्या बाहीला काळी फीत लावावी असं एक पोरगं म्हणालं, तर नवरीच्या बापाला अपशकुन वाटेल म्हणून तेपण राहिलं.

राग मानू नका दादा. तुमचं हौसेचं आहे म्हणून तुम्हाला प्रश्न पडायला सवड आहे. हौसेचं दुःख लहान असतं असं नाही म्हणत मी. उलट आम्हाला रडायचंच राहून गेलं. पुढच्या दिवाळीत घर झाडताना सासऱ्यांच्या रीडची, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या पट्ट्यांची, डबी सापडली, आत दोन रीड्स अजून ओल्या राहाव्यात म्हणून फडक्यात गुंडाळलेल्या. वाळून खडंग. तेव्हा नवरा रडला. सात महिन्यांनी.

आणि एक, त्या पोराला तुमच्या ड्रमरचा खांदा शिकवू नका. आमच्या नवऱ्याला लोक दोन वर्षं म्हणायचे, अगदी बापासारखं वाजवतोस. त्याला ते आवडत नव्हतं.

*

उद्यमनगरचा बेस:

सगळ्यांचे आभार. किट विकायचं नाही.

डबल बास, तुझा टोला बसला. खरंच विचारलं नव्हतं. काल शाहूपुरीला वहिनींकडं गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मला काय विचारता? तेहतीस वर्षं गुरुवारी साडेअकराला गेटची कडी वाजली की मी कूस बदलायची. तुम्ही वाजवा नाहीतर नका वाजवू, ती कडी काय आता वाजत नाही." मग आतून एक वही आणली. मला वाटलं गाण्यांची असेल. बँडचा हिशेब होता! १९९२ पासूनचा. वह्या बदलल्या असतील पण शिल्लक पुढं ओढत आणलेली. तारा, चहा, टेम्पोभाडं, प्राध्यापकानं फोडलेला माइक. बँकेच्या पाकिटात चार हजार आठशे साठ रुपये, वहीत आकडा तोच. माझ्या नावावर चाळीस रुपये येणं दाखवलेलं, २०२३ च्या मिसळीचे. तिथंच खिशातून काढून पाकिटात घातले. वहिनी हसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघितलं त्यांना हसताना.

किट परत वर्कशॉपला आणलंय. त्या किटची एक गोष्ट सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा ते चार दिवस पाण्यात होतं. प्लायचे थर सुटले, रॉड गंजून गेले. गड्यानं सगळं सुटं करून माझ्याकडं आणलं. आम्ही फेव्हिकॉल भरून क्लँप लावून शेल, म्हणजे ड्रमचे लाकडी घेर, बसवले. पण कातडं ताणायचे ते रॉड काही मिळेनात. त्यांचे आटे १२-२४ चे, म्हणजे इंचाच्या मापाचे, आणि आपल्याकडं सगळं मेट्रिक. शेवटी टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, मुंबईहून मागवले आणि चोवीस रॉड मी लेथवर काढले. तो शेजारी स्टुलावर बसून एकेक रॉड बोटानं फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "हा जरा टाइट आहे." एकही टाइट नव्हता. त्याला बोलायला काहीतरी पाहिजे असायचं.

पॅलेस थिएटर काका, तुमचं म्हणणं प्राध्यापकाला वाचून दाखवलं. केशवराव आले म्हणल्यावर तो गप्पच झाला, तो मराठीचा प्राध्यापक आहे. म्हणाला, वाजवू, पण तीनच गाणी, आणि त्या थांबायच्या गाण्यासकट. नावाचं अजून अडलंय. मेडिकलवाल्याला पाचगणीकरांचं अधिकचं चिन्ह आवडलंय. पोरगं म्हणतंय माझं नाव नका टाकू, घरी माहीत नाही.

ताई, तुमचं ऐकलं. परवाच्या गुरुवारी पोराला खांद्याबद्दल काही बोललो नाही. नुसतं म्हणलं, कानातलं ते टिकटिक काढ. ते गाणं घेतलं. शांतता आली. आम्ही चौघं खाली बघत उभे राहिलो, मुद्दाम. पोरगं बराच वेळ थांबलं. इतकं थांबलं की गायकानं एक डोळा उघडून बघितलं. मग "हं" असं काहीतरी त्याच्या तोंडातून आलं आणि आम्ही पडलो. एकदम नाही. मी जरा मागंच होतो. पण पडलो.

मेळाव्यावाल्यांना शनिवारपर्यंत नाव कळवायचंय. त्याआधी फ्लोअर टॉमचा, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमचा, एक रॉड कमी निघालाय, तो काढायचाय, आणि १२-२४ चा डाय कुठं ठेवलाय ते सकाळपासून सापडेना.