‘खरी श्रद्धा व निष्ठा’: शपथेतल्या श्रद्धेचा अर्थ काय घ्यायचा?

प्रश्न, परभणीहून :

आमदारांचा शपथविधी टीव्हीवर लागला की आमच्या घरात एका शब्दावरून वाद होतो. कोणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणतं, कोणी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. पुढं मात्र सगळ्यांना संविधानाबद्दल ‘खरी श्रद्धा व निष्ठा’ बाळगायची असते. ज्यानं देवाचं नाव घ्यायचं टाळलं, त्यालाही श्रद्धा कशाला? आणि निष्ठा आहेच, तर दोन शब्द का?

उत्तर, लातूरहून :

आधी दोन शब्दांचं सांगतो. श्रद्धा हा शब्द श्रत् आणि धा यांचा. श्रत् म्हणजे सत्य. खरं मानून ते मनात ठेवणं ही श्रद्धा. निष्ठेत ‘स्था’ धातू आहे, म्हणजे पाय रोवून उभं राहणं. एक आतली, एक वागण्यात दिसणारी. म्हणून दोन्ही हवेत.

तुमची अडचण मात्र खरी आहे. मूळ इंग्रजीत ‘ट्रू फेथ अँड अलिजन्स’ आहे. तिथल्या ‘फेथ’चा देवाधर्माशी संबंध नाही, दिलेल्या शब्दाला जागणं एवढाच अर्थ. संविधानाच्या उद्देशिकेत ‘विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ म्हटलंय, तिथं मात्र ‘फेथ’ म्हणजे धर्मश्रद्धाच. हिंदी उद्देशिकेत तर त्या जागी सरळ ‘धर्म’ हा शब्द आहे. मराठीत दोन्हीकडं श्रद्धाच आल्यामुळं घोटाळा होतो. उद्देशिकेतली श्रद्धा ज्याची त्याची, तिच्यात सरकारनं पडायचं नाही. शपथेतली निवडून आलेल्या प्रत्येकानं बाळगायचीच. सभेत नेता धर्मश्रद्धेबद्दल बोलतो आणि लोकांना शपथेतल्या श्रद्धेचा विसर पडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

शपथेत मी ‘इमान’ घातला असता. शब्द अरबी, मूळ अर्थ अल्लाहवरची श्रद्धा. माझे वडील 1948 च्या आधी, निजामाच्या राज्यात, उर्दूतून शिकले. त्यांच्या बोलण्यात दोन्ही अर्थ सुखानं नांदायचे. मराठीनं त्यातला धर्म बाजूला ठेवून सचोटी तेवढी घेतली. कोणाला बेइमान म्हणताना आपण त्याचा धर्म बघत नाही.

नांदेडहून :

सर, व्युत्पत्ती पटली, पण इमान नको. इमान माणसाशी असतं, खाल्ल्या मिठाशी असतं. पक्ष फुटला की दोन्हीकडचे स्वतःला निष्ठावंत म्हणवतात आणि समोरच्याला बेइमान. कोणाशी बेइमानी, असं विचारा. नेत्याचं नाव येईल, संविधानाचं येणार नाही. ‘धर्म’ शब्दाचंही तेच झालंय. शेजारधर्म होता, त्याच चालीवर ‘युतीधर्म’ आला, आणि त्याचा अर्थ काय तर मित्रपक्षाच्या जागेवर बंडखोर उभा करायचा नाही!

माझी आजी माळकरी होती. पंढरीहून आल्यावर काय मागितलं म्हणून विचारलं की म्हणायची, ‘मागायला गेले नव्हते माय.’ अशी, काही न मागणारी श्रद्धा संविधानाच्या वाट्याला आली तर मला आवडेल. शब्द बदलू नये.

प्रश्नकर्ता, परभणीहून :

सर, ताई, दोघांचंही पटतंय. तुमच्या चर्चेवरून एक आठवण झाली. मागं एका निवडणुकीत आमच्या शेजारच्या मावशीच्या हातात एका कार्यकर्त्यानं पाकीट ठेवलं आणि लगेच बेलभंडारा उचलायला लावला. मत फिरलं तर खंडोबा बघून घेईल, असंही बजावलं. लोकसभा-विधानसभेला लागू असणाऱ्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 123 मध्ये धर्माच्या नावानं मत मागण्याला बंदी आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हेसुद्धा त्याच कलमात गैर ठरवलंय, हे मला परवा कळलं.

मावशीनं कलम वाचलेलं नाही. ती रात्रभर झोपली नाही. सकाळी आईला म्हणाली, ‘खंडोबा माझा हाय. त्या मेल्यानं माझ्या देवालाच जामीन धरलं.’

आणभाकेच्या संदर्भात ‘देवाला जामीन धरणं’ हा प्रयोग तुमच्याकडं ऐकलाय का? आमच्याकडं म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीच उरलाय. बीड, धाराशिवकडच्यांनी जरूर कळवावं.