लॉफ्ट घ्या म्हणे!

कडीकोयंडा
उजेडवेडी यांचा 'खोल्या नको, अवकाश विकत घ्या' हा लेख वाचला. प्रतिसाद लिहायला बसलो तो इतका लांबला की वेगळा धागाच काढला. त्यांचं म्हणणं असं: मोठ्या शहरात घर घ्यायचंच तर जुन्या कारखान्यातला लॉफ्ट घ्यावा. उंच छत, भिंतभर खिडक्या, मधे एकही आडोसा नाही. मग माणसाचं मनही म्हणे तसंच मोकळं होतं.

मी त्या मोकळ्या मनात सहा वर्षं काढली आहेत. विकून सुटलो.

साधा हिशेब करा. 800 चौरस फुटांच्या घराचं छत 9 फुटांवर असेल तर आत 7,200 घनफूट हवा. छत 15 फुटांवर नेलं की 12,000. जमीन तेवढीच, पण तापवायची किंवा गार करायची हवा दोन तृतीयांशाने जास्त. शिवाय गरम हवा वर जाते, हे बिल्डरच्या माहितीपत्रकात नसतं. थंडीत आम्ही खाली दोन-दोन मोजे घालून बसायचो आणि वर मेझनाइनवर, म्हणजे छताखाली काढलेल्या अर्ध्या मजल्यावर, झोपायला गेलो की पांघरूण भिरकावायचो. उन्हाळ्यात वर झोपायचं नावच नको. खिडक्या लोखंडी चौकटीच्या, एकेरी काचेच्या. इमारत वारसा यादीत, त्यामुळे बदलायची सोय नाही. छताचा दिवा गेला की माणूस बोलवा, तो त्याची शिडी आणणार.

आणि दारं! अख्ख्या घरात आतलं दार एकच, संडासाचं. भांडण झालं की रुसून बसायला तेवढीच जागा. त्यावरूनही भांडण व्हायचं.

उजेडवेडी
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. पण तुम्हाला घर नको होतं, कमी बिल हवं होतं. पंखा थंडीत उलटा, हळू फिरवला की वरची ऊब खाली येते. सहा वर्षांत एवढंही सुचलं नाही?

कारखान्यांना एवढ्या खिडक्या का असत? विजेचा दिवा यायच्या आधीची ही बांधणी, उजेडातच काम चालायचं. न्यूयॉर्कच्या सोहोतल्या बिडाच्या इमारती बघा. खांब सडपातळ, म्हणून मधे काचेला जागा. चित्रकार 1960च्या दशकात तिथे गेले ते फॅशन म्हणून नाही. मोठा कॅनव्हास उभा करायला उंची हवी होती आणि भाडं परवडत होतं.

भिजतघोंगडं
गेले खरे, पण चोरून! त्या इमारतींत राहायला कायद्याने बंदी होती. 1971 मध्ये परवानगी मिळाली तीही फक्त शहराने 'कलावंत' असा दाखला दिलेल्यांना. बाकीच्या लॉफ्टवाल्या भाडेकरूंना संरक्षण मिळायला 1982चा लॉफ्ट कायदा यावा लागला. म्हणून म्हणतो, उजेड नंतर बघा, आधी जागेचा वापर कागदावर काय लिहिलाय ते बघा. 'औद्योगिक' असेल तर बँक कर्ज देताना नाक मुरडते. माझ्या भावाचा व्यवहार ह्याच एका शब्दावर आठ महिने लोंबकळला, शेवटी मोडला.

शब्दपीडित
लॉफ्ट म्हणजे पोटमाळा. नको असलेलं सामान फेकायची जागा. पोटमाळ्यात राहायला आयुष्यभराची कमाई घालायची, ह्यावर चर्चा तरी काय करायची?

टेकू
कागदावरून पुढे सांगतो. कारखान्यात काय बनत होतं हेही विचारा. न्यूजर्सीतल्या होबोकेनमध्ये पाऱ्याच्या दिव्यांचा जुना कारखाना लोकांनी मिळून घेतला आणि राहायला लागले. जमिनीच्या फळ्यांखाली पाऱ्याचे थेंब निघाले. मुलांच्या लघवीतही पारा सापडला. 1996च्या जानेवारीत सगळ्यांना बाहेर काढलं, पुढे इमारतच पाडली. कागदपत्रं बघताना वकील हे सांगेलच असं नाही.

आणि मेझनाइन मंजूर आहे का? खाली ताठ उभं राहता येतं का? त्याचं क्षेत्रफळ किमतीत धरलंय का? विकणारा नेहमी धरतो.

उजेडवेडी
टेकूंचे मुद्दे रास्त आहेत. धागाकर्त्याचे फक्त मोजे आहेत.

निवांत
मोजे राहू द्या, मला दारांवर बोलायचंय. माझे हे घोरतात. आधीच्या घरात मी शेजारच्या खोलीत जायचे. लॉफ्टमध्ये जाऊ कुठे? विटा, काँक्रीट, काच. आवाज छताला आपटून परत येतो. एक घोरणं दोनदा ऐकावं लागतं.

भिजतघोंगडं
कानात बोळे घाला.

निवांत
तुम्ही घोरत असणार, म्हणूनच सुचलं.

टेकू
ताईंचं शास्त्राला धरून आहे. जागेचं घनफळ वाढलं की आवाज रेंगाळतो, मऊ वस्तू वाढल्या की विरतो. सेबाइन नावाच्या प्राध्यापकाने 1890च्या दशकात हार्वर्डच्या एका सभागृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून हेच मोजलं होतं. जाड पडदे लावा, गालिचे टाका.

कडीकोयंडा
म्हणजे विटांची भिंत दिसावी म्हणून जादा पैसे द्यायचे आणि मग ती पडद्याने झाकायची! वा.

शब्दपीडित
घोरण्यावर धागा घसरला. पोटमाळ्यात झुरळांनाही हा त्रास होत असावा.

निवांत
शब्दपीडित, तुमच्या घरी किती दारं आहेत ते कळलं. सगळी बंद दिसतात.

भिजतघोंगडं
घोरणं हा आजार असू शकतो, आधी डॉक्टरांना दाखवा. माझंही घर बदलायचंच ठरलं होतं. तपासणीत झोपेत श्वास अडकतो असं निघालं. आता यंत्र लावून झोपतो.

निवांत
बघा, घोरताच! पण हे बरं सांगितलंत. ह्यांना दाखवते. यंत्राचा आवाज किती येतो?

भिजतघोंगडं
बायको म्हणते, आधीपेक्षा कमी. ती याहून जास्त कौतुक करत नाही.

कडीकोयंडा
उजेडवेडी, मूळ प्रश्न तसाच आहे. तुमच्या घरी कुणीच घोरत नाही का? कुणी रात्री फोनवर बोलत नाही?

उजेडवेडी
मुलगी दहावीला गेली तेव्हा आम्ही तिचा कोपरा बंद करून घेतला. तो अपवाद.

कडीकोयंडा
बंद करून! म्हणजे भिंत!!

उजेडवेडी
काचेची आहे. उजेड अडत नाही.

कडीकोयंडा
दार आहे का त्याला?

उजेडवेडी
सरकतं.

कडीकोयंडा
मग लेखात लिहा की, 'अवकाश विकत घ्या, नंतर खोली बांधा'. बाकी उजेड मान्य. नव्या घरात दुपारी दोनला दिवा लावावा लागतो. पण दार लावून लावतो.

उजेडवेडी
लावा. लेखात ओळ घालते, तुमचं नाव न घेता.

निवांत
ताई, त्या काचेतून आवाज येतो का हो? खरं सांगा.

उजेडवेडी
बोलणं कळत नाही, पण कुणीतरी बोलतंय हे कळतं.

टेकू
काच किती जाडीची आहे? एकेरी की लॅमिनेटेड? सरकत्या दाराच्या खाली फट असेल तर जाडीचा उपयोग नाही.

उजेडवेडी
फट आहे. रविवारी मोजून सांगते.