जांघेची कातडी २६ वर्षं तळहातावर राहूनही तळहात का होत नाही?

डावखुरा
सात वर्षांचा असताना तापलेल्या इस्त्रीवर उजवा तळहात टेकवला. जखम खोल होती, म्हणून जांघेतली पूर्ण जाडीची कातडी काढून तळहाताच्या मधोमध लावली. हात वाचला, बोटं सरळ होतात, तक्रार काही नाही. पण वयात आलो आणि त्या पट्ट्यावर केस उगवायला लागले! कुरळे, काळे, जांघेतले असतात तसेच. तेव्हापासून दर पंधरवड्याला चिमटा घेऊन बसतो. पट्ट्याचा रंगही आजूबाजूच्या तळहातापेक्षा चांगलाच गडद आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझ्या बाबतीत शब्दशः खरं.

आता प्रश्न. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी महिना-दीड महिन्यात बदलतात असं वाचलं. पेशी शेजारणींशी संकेतांची देवाणघेवाण करून आपण काय व्हायचं ते ठरवतात, हेही वाचलं. मग २६ वर्षं चारी बाजूंनी तळहाताने वेढलेल्या या कातडीला आपला पत्ता बदलल्याची खबर कशी लागली नाही? इतक्या पिढ्या झाल्या, एकीलाही कळू नये?

शंकेखोर
सोपं आहे. कातडी जांघेची, म्हणजे डीएनए जांघेचा. तो कसा बदलणार?

पेट्रीबाई
शंकेखोर, जांघेचा डीएनए आणि तळहाताचा डीएनए असं काही नसतं हो. दोन्हीकडे तोच. फरक आहे तो कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, याचा.

डावखुरा, तुम्ही वाचलेलं दोन्ही बरोबर आहे. फक्त शेजारी कोण, यात गफलत झाली. तुम्ही आडवे शेजारी मोजताय. खाली बघा.

त्वचेचे दोन मजले. वर बाह्यत्वचा, म्हणजे मुख्यतः केराटिनोसाइट पेशींचे थर. खाली अंतस्त्वचा, तिच्यात फायब्रोब्लास्ट पेशी विरळ पसरलेल्या. मी बरीच वर्षं केराटिनोसाइट वाढवण्यात घालवली, म्हणून आधी वरच्या मजल्याचं सांगते.

या पेशी एकमेकींना धरून असतात आणि त्या धरण्यावर त्यांचं पुढचं आयुष्य ठरतं. बशीतल्या द्रवात कॅल्शियम कमी ठेवलं, साधारण ०.०५ मिलिमोलर, तर त्या सुट्या राहतात आणि विभागत राहतात. कारण एकमेकींना धरणारी कॅडहेरिन नावाची प्रथिनं कॅल्शियमशिवाय कामच करत नाहीत. एकदा मी घाईत कमी कॅल्शियमच्या द्रवात साधं सीरम (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढल्यावर उरणारा द्रव) ओतलं. सीरममध्ये स्वतःचं भरपूर कॅल्शियम असतं, ते आधी काढून टाकावं लागतं; मी विसरले. आदल्या संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशी वेगळी दिसत होती, मधल्या फटी चकाकत होत्या. सकाळी बघते तर फटी गायब! सगळ्या चपट्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या, काही तर दुसऱ्यांच्या अंगावर चढलेल्या. विभागणं सोडून बायांनी कातडी बनायला घेतली होती. तीन आठवड्यांचं काम पाण्यात. पण स्पर्शाने पेशीचं नशीब बदलतं ते त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं.

स्पर्शानेच चालणारा आणखी एक संकेत म्हणजे नॉच. नाव फळमाशीवरून आलं, या जनुकात बिघाड झाला की तिच्या पंखाच्या कडेला खाच पडते. एका पेशीच्या अंगावरचं प्रथिन शेजारणीच्या नॉचला पकडून ओढतं, त्या ओढीने नॉच कापला जातो आणि आतला तुकडा थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. मधे दलाल नाही. आपल्या त्वचेत तळाची रांग सोडून वर सरकलेल्या पेशीला 'आता विभागणं पुरे, पक्की हो' हे सांगण्यात नॉचचा मोठा वाटा आहे.

आणि आडव्या शेजारणी गप्प नसतात. येल विद्यापीठातल्या व्हॅलेंटिना ग्रेको यांच्या गटाने जिवंत उंदराच्या कानावरच्या त्याच त्या पेशी दिवसेंदिवस पाहिल्या (२०१८). मला वाटायचं, खालची पेशी विभागते आणि गर्दी झाली की एक वर ढकलली जाते. निघालं उलटं. आधी एक पेशी तळ सोडते, मग एक-दोन दिवसांत तिच्या शेजारची विभागून ती जागा भरते.

पण या गप्पा 'कधी विभागायचं, कधी वर जायचं' याच्या. 'आपण जांघ की तळहात' हा निरोप खालून येतो, फायब्रोब्लास्टकडून. त्यांची जागेची आठवण फार चिवट. शरीराबाहेर बशीत, कितीतरी पिढ्या वाढवल्या तरी आपण कुठून आलो ते हॉक्स जनुकांच्या, म्हणजे शरीरातली जागा ठरवणाऱ्या जनुकांच्या, रूपाने त्यांच्यात टिकून राहतं. हातापायांच्या टोकाकडच्या फायब्रोब्लास्टमध्ये हॉक्स-ए-१३ चालू असतं. त्यामुळे त्या डब्ल्यूएनटी-५-ए नावाचं प्रथिन सोडतात आणि वरच्या पेशी केराटिन ९ बनवू लागतात, जे खास तळहात-तळपायाचं केराटिन. शिवाय तळहाताचे फायब्रोब्लास्ट डीकेके-१ नावाचं प्रथिन सोडतात, त्याने रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट दबून राहतात. म्हणून सगळ्यांचेच तळहात फिके.

तुम्हाला पूर्ण जाडीची कातडी लावली. म्हणजे वरच्या मजल्याबरोबर खालचाही आला, केसांच्या मुळांसकट! तुमच्या जांघेच्या पेशींनी शेजाऱ्याचं ऐकलं नाही असं नाही. त्या २६ वर्षं इमानाने ऐकताहेत, फक्त शेजारी जांघेतूनच सोबत आलाय.

डावखुरा
बापरे. म्हणजे खालचा मजला आणला नसता तर?

पेट्रीबाई
तेही करून पाहिलंय. धडावरची नुसती बाह्यत्वचा, अंतस्त्वचा अजिबात न घेता, तळपायाच्या जखमेवर लावली. ती हळूहळू जाड आणि फिकी, तळपायासारखी झाली.

कोंबडीच्या गर्भावर तर हे १९५४ सालीच दिसलं होतं. पंखाच्या बाह्यत्वचेखाली मांडीच्या भागातली खालची ऊती ठेवली, तर उगवली ती मांडीची पिसं. मात्र वरच्या मजल्याचीही ऐपत लागते. उंदराची अंतस्त्वचा आणि कोंबडीची बाह्यत्वचा एकत्र केली तर केस येत नाहीत, पिसांचे कोंब फुटतात. 'इथे काहीतरी उगव' हा हुकूम उंदराचा, उगवणार ते कोंबडीला जमेल तेच.

यावरून तुमच्यावर उपचार चुकले असं कृपया काढू नका. मुलाच्या वाढत्या तळहाताला जाड कातडी लावतात कारण पातळ कातडी जास्त आक्रसते आणि बोटं आत ओढली जातात.

शंकेखोर
डीएनएवाला प्रतिसाद मागे घेतो. आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हणही मोडीत निघाली. तळपायावर वाण आणि गुण दोन्ही लागले, डावखुऱ्याच्या हातावर दोन्ही नाहीत!

डावखुरा
उन्हात पट्टा आणखी काळवंडतो, बाकी तळहात तसाच. हाही जांघेचाच प्रताप?

पेट्रीबाई
हो, आणि यात निरोप वरच्या मजल्यातच फिरतो. उन्हाने केराटिनोसाइटच्या डीएनएला इजा झाली की तिच्यातलं पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं आणि ती अल्फा-एमएसएच नावाचा संप्रेरक सोडते. मेलॅनोसाइट तो ओळखते, रंग बनवते आणि आजूबाजूच्या तीस-चाळीस केराटिनोसाइटना वाटते. म्हणजे भाजते एक, छत्री उघडते दुसरी. तळहातावर ती छत्रीवाली आधीच दाबून ठेवलेली असते, तुमच्या पट्ट्यात मोकळी आहे.

एक काम कराल? पट्ट्याची कड भिंगाखाली बघा. तळहाताच्या रेघोट्या, म्हणजे बोटांच्या ठशांसारखे उंचवटे, कडेशी काय करतात?

डावखुरा
पाहिलं, मुलीचं भिंग घेऊन. रेघोट्या समांतर येतात, मधे एक बारीक पांढरा व्रण आहे, त्याच्या अलीकडेच सगळ्या तुटतात. एकही पलीकडे जात नाही. पलीकडे मनगटाच्या मागच्या बाजूला असते तशी बारीक चौकड्यांची जाळी आणि त्यात केस. पाच मिनिटं मूठ घट्ट आवळून धरली. रेघोट्यांवर घामाचे ठिपके ओळीने उभे राहिले, पट्टा कोरडा ठणठणीत.