मदत हवी आहे: जुन्या तबकडीतला 'बेस' ऐकू येईल का?

वेणू_नगर

नमस्कार मंडळी,

माझी आजी ८६ वर्षांची आहे. नाताळ जवळ आला की भाजी निवडता निवडता एक विचित्र चाल गुणगुणते. बराच वेळ नुसता सा धरून ठेवायचा, मग खाली मंद्र पंचम, परत सा. मग दोनदा मध्यमावर जाऊन सा-वर यायचं, पुढे पुन्हा पंचम आणि सा. विचारलं तर म्हणते, "सायलेंट नाइट आहे गं. आमचे बाबा असंच म्हणायचे." आम्हाला वाटायचं, तिच्या डोक्यात दोन गाणी मिसळली असतील.

गेल्या डिसेंबरात चर्चच्या क्वायरची तालीम आमच्या घरी झाली. मुलं बाहेर सायलेंट नाइट म्हणत होती आणि आतून आजीची गुणगुण आली. ती त्या गाण्याखाली अशी चपखल बसली की मी दारातच उभी राहिले. आजी इतकी वर्षं चाल नाही, बेसचा, म्हणजे चार आवाजांतल्या सगळ्यात खालच्या आवाजाचा भाग म्हणत होती.

पणजोबा नगरच्या चर्चमध्ये बेस म्हणायचे. त्यांना स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नव्हतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं ते पेटी-टाळावर म्हणत, पण चार आवाजांतलं गाणं कानाने शिकले ते एका तबकडीवरून. अमेरिकन मराठी मिशनमधल्या एक बाई मायदेशी परतताना ती त्यांना देऊन गेल्या होत्या. ती आमच्याकडे अजून आहे. दहा इंची, एकाच बाजूला ध्वनिमुद्रण, मागची बाजू कोरी. लेबल अर्धं खरवडलंय, पण गाण्याचं नाव, 'व्हिक्टर' ही कंपनी आणि 'हेडन क्वार्टेट' हा चार गायकांचा गट एवढं वाचता येतं.

एका नातेवाइकांच्या चावीच्या ग्रामोफोनवर लावून बघितली. वरचा टेनर (उंच पुरुषी आवाज) खरखरीतूनही स्वच्छ येतो. बेस मात्र शेजारच्या खोलीत कुणी पुटपुटावं तसा. मग एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून कडेने फिरवला. कापूस काळा झाला आणि बोटभर पट्ट्याची चकाकीच गेली. मी हातातून काढून घेतली, पण व्हायचं ते नुकसान झालं. रडूच आलं मला.

मला एवढंच हवंय: आजी म्हणते तो भाग या तबकडीतलाच आहे का, हे तिच्या हयातीत तिला ऐकवायचंय. तबकडी आणखी खराब न करता कशी वाजवावी? बेस वेगळा काढता येतो का? आणि चौघांत बेस म्हणणारा माणूस कोण?

जुनी_तबकडी

ताई, आधी स्पिरिट कायमचं बंद. या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने हलक्या हाताने. लेबलाला पाणी लागू देऊ नका.

चावीच्या ग्रामोफोनवर पुन्हा लावू नका. त्याची पोलादी सुई आणि वरचं वजन दर वेळी थोडी खाच खातं. साध्या टर्नटेबलवर ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची) वेगळी सुई बसवून घ्या. एलपीची सुई साधारण ०.०१८ मिलिमीटरची, ती या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर देते. ७८ला ०.०७५च्या आसपासची लागते.

आता गायक. हेडन क्वार्टेटमध्ये पहिला टेनर जॉन बीलिंग, दुसरा हॅरी मॅक्डोना, बॅरिटोन (मधला आवाज) एस. एच. डडली आणि बेस विल्यम एफ. हूली. तुमच्या पणजोबांचे गुरू हे हूली! मूळचे आयर्लंडचे, १९१८ मध्ये वारले. हा गट १८९६ पासून एडिसनच्या कंपनीसाठी गायचा (मॅक्डोना त्यात नंतर आले), व्हिक्टरसाठी सायलेंट नाइट त्यांनी १९०५ मध्ये म्हटलं. लेबलांवर हेडनचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी येतं, शोधताना दोन्ही घालून बघा.

आणि तबकडीला हात लावण्याआधी सांता बार्बरा विद्यापीठाची अमेरिकन ध्वनिमुद्रणांची ऑनलाइन सूची आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नॅशनल ज्यूकबॉक्स बघा. त्या काळातल्या व्हिक्टरच्या तबकड्या तिथे फुकट ऐकता येतात. एक सावधगिरी: कंपनी क्रमांक तोच ठेवून तेच गाणं पुन्हा गाऊन घ्यायची. लेबलाशेजारच्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे तिरक्या उजेडात वाचा आणि तेच आहेत का ताडून बघा.

मंद्रसप्तक

बेस पुटपुटल्यासारखा येतो तो तुमच्या तबकडीचा दोष नाही. १९२५ च्या आधी तबकड्या भरताना मायक्रोफोन वापरत नसत. चौघं एका कर्ण्यासमोर डोकी जुळवून उभे राहायचे आणि त्यांच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच कापायची. कर्णा साधारण २५० ते २५०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढंच नीट पकडायचा. सायलेंट नाइट बी फ्लॅट या पट्टीत धरलं तर आजींचा सा ११६ हर्ट्झ आणि खालचा पंचम ८७. म्हणजे मूळ सूर तबकडीत जवळजवळ उतरलेलाच नाही. आपला कान वरच्या स्वरांशांवरून (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उंच सुरांवरून) तो मनातल्या मनात भरून काढतो. पणजोबांनी हे कानाने उचललं, त्यांचा कान फार तयार असणार.

म्हणून बेसचं बटण वाढवू नका, नुसती घरघर वाढेल. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या सुरांचं चित्र) उघडा आणि ३५०, ४६५ हर्ट्झच्या आसपासच्या आडव्या रेघा बघा. तिथे वरच्या गायकांचे सूरही असतील, पण ज्या रेघा एकमेकींपासून ११६च्या अंतराने चढतात त्या बेसच्या. सुराप्रमाणे अंतर बदलेल, पंचमावर ८७ होईल.

त्याआधी वेग. त्या काळी नेमका ७८ नसायचा. ७८ऐवजी ७३.६ने फिरवलं की सगळं गाणं अर्धा सूर खाली येतं. साथीला वाद्य नसेल तर पट्टी ठरवायला आधार नाही. आवाज माणसाचे वाटेपर्यंत वेग हलवत राहा.

वेणू_नगर

दोघांचे मनापासून आभार. हूली हे नाव आजीला सांगितलं. तिने दोनदा म्हणून बघितलं. रविवारी तबकडी धुते आणि त्याच दिवशी तिला ऑनलाइनवालं ऐकवते.

मंद्रसप्तक

ताई, थांबा. आधी आजींचं रेकॉर्ड करून घ्या, काहीही ऐकवण्यापूर्वी. एकदा तबकडी कानावर पडली की त्या नकळत तिच्याबरोबर जुळवून म्हणतील आणि पणजोबांकडून आलेलं कुठलं ते कधीच कळणार नाही. तंबोरा नको, क्वायर नको, त्यांना सुचेल त्या पट्टीत.

वेणू_नगर

आत्ताच केलं. मेथी निवडत होती, फोन ताटाशेजारी ठेवला. तीन कडवी म्हणाली, प्रत्येक वेळी मध्यमावर जाण्याआधी तिथेच श्वास घेतला. फाइल जपून ठेवलीय. आता तबकडी.