अमेरिकेत उभ्याच्या गौरी बसवायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. यंदा सासूबाईंनी पितळी मुखवटे माझ्याकडे सोपवले आहेत, त्यामुळे गौरी पहिल्यांदाच इथे बसणार. जबाबदारी मोठी आहे आणि मला ती मनापासून नीट पार पाडायची आहे.

मुख्य अडचण मुहूर्ताची. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मुळावर. पण नक्षत्र तिकडे दुपारी दोनला लागलं तर इथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, म्हणजे कधीकधी दिवसच बदलतो. सासूबाई म्हणतात कालनिर्णय बघ. मला वाटतं जिथे पूजा तिथलं पंचांग धरावं. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, गणपतीही भारतात २७ ऑगस्टला आणि इथल्या पंचांगाप्रमाणे २६ ला होते. तुम्ही काय करता?

दुसरं, स्टँड. गावी धान्याच्या कोठ्यांवर मुखवटे ठेवून साड्या नेसवतो. इथे कोठ्या कुठून आणू? मुखवटे जड आहेत, डगमगायला नकोत. घरच्या घरी पक्का सांगाडा कोणी केला असेल तर फोटो टाका, आणि नऊवारीच्या निऱ्या कशा बसवल्या तेही सांगा.

घरभर गालिचा आहे, तेव्हा दारापासून कुंकवाची पावलं कशावर उमटवू? कागदावर काढून ठेवली तर चालेल ना? आघाडा मिळत नाही, त्याऐवजी काय वाहता?

नैवेद्याची काळजी नाही, पुरणपोळी जमते.